आकडा खरा, माप फसवं

दिवसाला ५० ग्रॅम वरून घातलेली साखर, २२ ग्रॅम संपृक्त मेद, २,००० मिलिग्रॅम सोडियम. देशात विकल्या जाणाऱ्या बंद पाकिटांवर ‘दैनंदिन आहाराच्या इतके टक्के’ असं जे छापलेलं असतं, ते या आकड्यांवरून काढलेलं असतं. २०२० च्या लेबलिंग नियमांत ते पायाभूत म्हणून दिले आहेत. त्यांच्या जोडीला २,००० किलोकॅलरी ऊर्जा, ६७ ग्रॅम एकूण मेद आणि २ ग्रॅम ट्रान्स फॅट.

म्हणजे माहिती पाकिटावर असते आणि बहुतेक वेळा ती खोटीही नसते. तरी बिस्किटाचा पुडा, फरसाण किंवा लहान मुलांच्या दुधात घालायची पावडर घेताना त्या माहितीचा घरातल्या माणसांना फारसा उपयोग होत नाही. आकडा कशाच्या मापानं मांडला, पाकिटाच्या कोणत्या बाजूला छापला आणि कोणत्या भाषेत लिहिला, या तीन गोष्टींत त्याचं कारण आहे. तिन्ही गोष्टी नियमानं बदलता येतात.

आजार किती, बाजार किती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. उच्च रक्तदाब ३५.५ टक्के प्रौढांना, तर पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्क्यांना. मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण आपल्या शेजारी गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. तिथं चारातल्या एकाहून अधिक प्रौढांना हा आजार आहे.

हे सगळं पाकीटबंद पदार्थांमुळेच झालं असं कोणी म्हणणार नाही. बैठं काम, अपुरी झोप, पॉलिश केलेला तांदूळ, घरच्या स्वयंपाकातलं तेल-मीठ या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा देशातल्या एकूण आजारभारापैकी ५६.४ टक्के भाराचा संबंध चुकीच्या आहाराशी असल्याचं नमूद केलं. पाकिटांचा बाजार कुठून कुठे गेला तेही पाहायला हवं. अतिप्रक्रियायुक्त पदार्थांची किरकोळ विक्री २००६ मध्ये सुमारे ९० कोटी डॉलरची होती. २०१९ मध्ये ती जवळपास ३,८०० कोटी डॉलरवर पोचली. १३ वर्षांत ४० पट.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नमकीन, बिस्किटं, नूडल्स, चॉकलेट यांच्यावरचा जीएसटी १२ किंवा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. गोड फसफसत्या पेयांवर मात्र ४० टक्के कर बसला. पेयं सोडली तर बाकीचा हा माल स्वस्त करण्याकडे धोरणाचा कल आहे. किंमत हात आखडायला लावत नसेल, तर सावध करण्याचं काम लेबललाच करावं लागेल.

टक्के लहान कसे होतात

समजा, फरसाणाचं १५० ग्रॅमचं पाकीट आहे. मागच्या तक्त्यात दर १०० ग्रॅमला ९०० मिलिग्रॅम सोडियम आणि १४ ग्रॅम संपृक्त मेद लिहिला आहे. हे पाकीट उदाहरणापुरतं आहे, हिशेब मात्र नियमातलाच. आता ‘एक सर्व्हिंग’ म्हणजे किती, हे बऱ्याच पदार्थांच्या बाबतीत उत्पादकच ठरवतो. त्यानं २० ग्रॅम ठरवलं. २० ग्रॅम फरसाण म्हणजे लहानशी मूठभर.

या मुठीत १८० मिलिग्रॅम सोडियम येतं. २,००० च्या मर्यादेच्या ते ९ टक्के होतं. संपृक्त मेद येतो २.८ ग्रॅम, म्हणजे सुमारे १३ टक्के. तक्त्यात ९ आणि १३ छापले जातात आणि वाचणाऱ्याला वाटतं, फार काही नाही.

संध्याकाळी चहाबरोबर तेच पाकीट फोडून दोघांनी संपवलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला ७५ ग्रॅम आले. सोडियम ६७५ मिलिग्रॅम, मर्यादेच्या ३४ टक्के. संपृक्त मेद १०.५ ग्रॅम, मर्यादेच्या ४८ टक्के. एकट्यानं सगळं खाल्लं तर सोडियम ६८ टक्के आणि संपृक्त मेद ९५ टक्के, आणि रात्रीचं जेवण अजून व्हायचंच आहे.

छापलेला एकही आकडा इथे खोटा नाही, फक्त कोणी खात नाही असं माप धरून तो काढला आहे. सर्व्हिंग जितकं लहान, तितके टक्के लहान. ३० ग्रॅमऐवजी १५ ग्रॅम धरलं की पदार्थात काहीही न बदलता तो कागदावर निम्माच अपायकारक दिसतो. टक्के पाहून दोन कंपन्यांच्या पाकिटांची तुलना तर अशक्यच होते, कारण एकीचं माप २० ग्रॅम आणि दुसरीचं ३० ग्रॅम असू शकतं. दर १०० ग्रॅमचा आकडा तक्त्यात सहसा असतो, टक्केवारी मात्र सर्व्हिंगची. घाईत असलेला माणूस टक्केवारीच पाहतो.

कमाल मर्यादा आणि लहान मूल

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी, आणि ५ टक्क्यांखाली आणता आली तर अधिक चांगलं. २,००० किलोकॅलरीचे १० टक्के म्हणजे २०० किलोकॅलरी. एक ग्रॅम साखरेतून ४ किलोकॅलरी मिळतात. २०० भागिले ४, म्हणजे ५० ग्रॅम. लेबलच्या नियमातले ५० ग्रॅम या हिशेबाशी जुळतात.

याचा अर्थ ५० ग्रॅम ही ओलांडू नये अशी रेषा आहे. वरून घातलेल्या साखरेची शरीराला गरज शून्य. पण लेबलवर तिचे टक्के ज्या पद्धतीनं मांडले जातात, त्याच पद्धतीनं एखाद्या पावडरीच्या डब्यावर लोह किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाचेही टक्के दिलेले असतात. लोहाचे १०० टक्के भरणं चांगलं. साखरेचे १०० टक्के भरणं म्हणजे धोक्याच्या रेषेवर उभं राहणं. दोन्ही आकडे एकाच प्रकारच्या रकान्यात बसवले की वाचणाऱ्याला हा फरक कळायला मार्ग राहत नाही.

शिवाय हे सगळे टक्के २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढाचे आहेत. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशींनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,३६० किलोकॅलरी लागतात. त्याच्यासाठी साखरेची १० टक्क्यांची रेषा ३४ ग्रॅमवर येते, ५ टक्क्यांची १७ ग्रॅमवर. लहान मुलांसाठीच विकल्या जाणाऱ्या, चित्रांनी सजवलेल्या पुड्यात १० ग्रॅम साखर असेल तर लेबल म्हणतं २० टक्के. त्या मुलाच्या हिशेबानं ती २९ टक्के असते आणि अधिक चांगल्या मर्यादेच्या हिशेबानं ५९ टक्के. मुलांसाठीचा माल मुलांच्या मापानं मोजला पाहिजे, इतकी साधी गोष्ट अजून नियमात नाही.

मे २०२५ मध्ये सीबीएसईनं आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितलं, तेव्हाच्या परिपत्रकातले आकडे असे होते: ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या ऊर्जेपैकी १३ टक्के आणि ११ ते १८ वर्षांच्या मुलांच्या ऊर्जेपैकी १५ टक्के साखरेतून येते. शिफारस ५ टक्क्यांची. शाळेच्या भिंतीवर हे लिहायचं आणि दप्तरातल्या पाकिटावर मात्र तीच साखर बारीक अक्षरांत मागे छापायची, ही विसंगती दूर व्हायला हवी.

पाकिटाची दर्शनी बाजू

तक्ता मागे असतो. पुढे असतात दावे, आणि काही दाव्यांना २०१८ च्या नियमांनी आकडे बांधून दिले आहेत. ‘शुगर फ्री’ म्हणायचं तर १०० ग्रॅममध्ये ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर नको. घन पदार्थ ‘लो फॅट’ म्हणायचा तर १०० ग्रॅममध्ये मेद ३ ग्रॅमच्या आत हवा. तंतूंचा स्रोत म्हणायचं तर किमान ३ ग्रॅम तंतू हवेत. हे नियम चांगले आहेत. पण प्रत्येक दावा एकाच घटकाबद्दल बोलतो. तंतू भरपूर आहेत असं पुढे मोठ्या अक्षरांत लिहिणाऱ्याला त्याच पदार्थातली साखर पुढे लिहिण्याचं बंधन नाही.

२०२३ पासून अशा दर्शनी शब्दांवर अनेकदा कारवाई करावी लागली. एप्रिल २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर आहाराबद्दल बोलणारे रेवंत हिमतसिंगका यांनी दुधात घालायच्या बोर्नव्हिटा पावडरीतल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीनं कायदेशीर नोटीस पाठवली, व्हिडिओ काढावा लागला, पण चर्चा थांबली नाही. त्याच वर्षाच्या शेवटी १०० ग्रॅम पावडरीतली वरून घातलेली साखर ३७.४ ग्रॅमवरून ३२.२ ग्रॅमवर आली, म्हणजे सुमारे १४ टक्के घट. एप्रिल २०२४ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं की अशा पेयांना ‘हेल्थ ड्रिंक’च्या वर्गात ठेवू नका. जून २०२४ मध्ये पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसांवरून ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढण्याचे आदेश निघाले.

सगळ्यात गंभीर प्रकरण होतं ओआरएसचं. जुलाबानं पाणी कमी झालेल्या मुलाला द्यायच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं; मीठ, पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट धरून एकूण २०.५ ग्रॅम. बाजारात मात्र नावात ‘ओआरएस’ ही अक्षरं घेऊन विकली जाणारी अशी पेयं होती, ज्यांत लिटरला १२० ग्रॅमच्या आसपास साखर होती. सूत्राच्या जवळपास नऊपट. जुलाब होणाऱ्या मुलाला इतकी साखर दिली तर जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी हा लढा आठ वर्षं चालवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं सूत्राबाहेरच्या पेयांना नावात ही अक्षरं वापरायला मनाई केली. त्या पेयांच्या मागच्या तक्त्यातही साखर लिहिलेलीच होती. रात्री औषधाच्या दुकानात उभ्या असलेल्या आईबापांनी पुढचं नाव वाचलं, मागचा तक्ता वाचला नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही.

आणि तक्ता वाचायचा ठरवला तरी तो कोणत्या भाषेत? नियमानुसार लेबलवरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते. इतर भाषा ऐच्छिक. विदर्भातल्या किंवा कोकणातल्या गावात पाच-दहा रुपयांचं पाकीट घेणाऱ्या माणसापर्यंत ‘सॅच्युरेटेड फॅट’ हा रोमन लिपीतला शब्द पोचतो का, हा प्रश्न नियम करताना विचारायला हवा होता. जाहिरात मराठीत करता येते, तर इशाराही मराठीत देता येईल.

तारे की इशारा

पाकिटाच्या पुढच्या बाजूला साखर, मीठ, मेद यांची ठळक खूण असावी ही मागणी आपल्याकडे जुनी आहे. एप्रिल २०१८ मध्ये एफएसएसएआयनं मसुदा काढला: प्रमाण जास्त असेल तर लाल खूण. उद्योगांनी हरकती घेतल्या, समिती नेमली गेली. २०१९ मध्ये सुधारित मसुदा आला. त्याच वर्षी दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं ३३ लोकप्रिय पदार्थ तपासले आणि मसुद्यातल्या मर्यादा लावल्या, तर सगळेच लाल ठरतील असं दाखवलं. २०२० चे अंतिम नियम आले, तेव्हा त्यांतून ही खूण वगळलेली होती.

सप्टेंबर २०२२ मध्ये तिसरा मसुदा आला, ताऱ्यांचा. अर्ध्यापासून पाच तारे, पहिली चार वर्षं ऐच्छिक. ताऱ्यांचं गणित असं: ऊर्जा, संपृक्त मेद, साखर आणि सोडियम यांचे दोषांक मोजायचे; प्रथिनं, तंतू, फळं, सुकामेवा, भरडधान्यं यांचे गुण त्यातून वजा करायचे; उरलेल्यावरून तारे द्यायचे. त्यामुळे साखर भरपूर असलेल्या बारमध्ये थोडे तंतू आणि शेंगदाणे घातले की त्याचे तारे वाढतात, साखर मात्र तेवढीच राहते. मधुमेही माणसाला साखर किती हे कळायला हवं असतं. तारे त्याला सरासरी सांगतात. शिवाय तारा ही कौतुकाची खूण आहे. दीड तारा मिळालेलं पाकीटही काहीतरी मिळवल्यासारखंच दिसतं.

ताऱ्यांच्या बाजूनं अहमदाबादच्या आयआयएमनं सुमारे २० हजार लोकांमध्ये केलेल्या पाहणीचा आधार दिला गेला. उलट मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सहभाग घेतलेल्या, अनेक राज्यांतल्या प्रयोगात साखर, मीठ, मेद जास्त असलेला पदार्थ ओळखायला इशाऱ्याच्या खुणा सगळ्यात उपयोगी ठरल्या आणि तारे मागे पडले. माझ्या मते मोजण्याची खरी कसोटी ओळखता येण्याची आहे. लोकांना कोणती खूण आवडली, यापेक्षा कोणत्या खुणेनं त्यांना पदार्थातली साखर दिसली, हे महत्त्वाचं.

इशाऱ्याचा प्रत्यक्ष अनुभव चिलीकडे आहे. जून २०१६ पासून तिथं काळा अष्टकोन छापावा लागतो आणि त्यात ‘साखर जास्त’, ‘सोडियम जास्त’ असं थेट लिहिलेलं असतं. मर्यादा टप्प्याटप्प्यानं कडक झाल्या. २०१९ पासून घन पदार्थांसाठी दर १०० ग्रॅमला साखर १० ग्रॅम, सोडियम ४०० मिलिग्रॅम, संपृक्त मेद ४ ग्रॅम. पेयांत दर १०० मिलीला साखर ५ ग्रॅम. नेहमीच्या कोलात ती १० ग्रॅमहून अधिक असते, म्हणजे दुप्पट. सर्व्हिंगचा प्रश्नच तिथं उरत नाही, कारण माप सगळ्यांना एकच.

परिणाम दोन बाजूंनी दिसला. इशाऱ्याची खूण लागणाऱ्या गोड पेयांची खरेदी २३.७ टक्क्यांनी घटली. आणि किमान एक इशारा लागू होणाऱ्या पदार्थांचं प्रमाण ५१ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आलं, कारण काही कंपन्यांनी पाककृतीच बदलल्या. या कायद्यात शाळेतली विक्री आणि मुलांसाठीच्या जाहिरातींवरही बंदी होती, त्यामुळे सगळं श्रेय लेबलला देता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. पुढे पेरू, मेक्सिको, उरुग्वे, अर्जेंटिना यांनी हाच मार्ग धरला.

हरकती आणि त्यांची उत्तरं

पहिली हरकत अशी की आपले पारंपरिक पदार्थ, चिवडा, चकली, लोणचं, सगळेच लाल ठरतील. चिलीचा नियम मूळच्या घटकांना लागत नाही; साखर, मीठ किंवा संपृक्त मेद वरून घातला असेल तरच लागतो. नुसत्या शेंगदाण्यांवर खूण येणार नाही, खारवलेल्यांवर येईल. लोणच्यावर सोडियमची खूण आली तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लोणचं चमच्यानं वाढतात, वाटीनं नाही, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. चिप्सच्या बाबतीत असा कोणताही संस्कार आपल्याकडे नाही.

दुसरी हरकत बचत गटांची आणि लहान उत्पादकांची. ती खरी आहे. प्रत्येक पदार्थ प्रयोगशाळेत तपासून घेणं त्यांना परवडणार नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये ५२८ भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. पाककृती आणि वजन माहीत असेल तर त्यावरून हिशेब काढता येतो. हे काम तालुका पातळीवर मोफत करून देण्याची सोय सरकारनं केली, तर बचत गटाच्या चकलीचं लेबल मोठ्या कंपनीच्या लेबलइतकंच चोख होईल.

तिसरी हरकत, उद्योगांना इतका बदल जमणार नाही. तो जमतो, हे आपणच दाखवून दिलं आहे. तेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा आपल्याकडे आधी १० टक्के होती, मग ५ झाली, २०२१ मध्ये ३ आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. आकडा ठरवला, तारीख ठरवली, ती पाळायला लावली, आणि उद्योगानं ते केलं.

काय व्हायला हवं

जुलै २०२४ मध्ये एफएसएसएआयनं एकूण साखर, मीठ आणि संपृक्त मेद ठळक, मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दर्शनी लेबलचा विषय आला. ताऱ्यांच्या मसुद्यावर १४ हजारांहून अधिक सूचना आल्या आहेत, असं सरकारनं तिथं सांगितलं आणि न्यायालयानं तज्ज्ञ समितीला तीन महिने दिले. जुलैमध्ये आणखी तीन महिने द्यावे लागले. २०१८ च्या मसुद्यापासून मोजली तर ही सात वर्षं होतात. त्या मसुद्याच्या वेळी पहिलीत असलेलं मूल तोवर आठवीत गेलं होतं.

मागणी पाच ओळींत मावते. दर्शनी बाजूला ‘साखर जास्त’, ‘मीठ जास्त’, ‘संपृक्त मेद जास्त’ असे वेगवेगळे इशारे, सक्तीनं. मोजमाप सगळ्यांना एकच, १०० ग्रॅम किंवा १०० मिली. टक्केवारी द्यायचीच तर पूर्ण पाकिटाची. मुलांसाठीच्या पदार्थांवर मुलांच्या वयाचा हिशेब. आणि ज्या राज्यात माल विकला जातो, तिथल्या भाषेत इशारा.

तोवर घरात एवढं करता येईल. टक्के सोडून द्या आणि दर १०० ग्रॅमचा रकाना पाहा. सोडियमला अडीचनं गुणा, मीठ कळेल. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, दिवसाच्या ५ ग्रॅमपैकी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते, म्हणून पहिली तीन नावं वाचा. ती मैदा, साखर आणि पामतेल असतील, तर पुढे कोणत्याही धान्याचं चित्र असलं तरी पदार्थ याच तीन वस्तूंचा आहे.

पण हा हिशेब प्रत्येक आईला, प्रत्येक आजोबांना दुकानात उभं राहून करायला लावणं न्याय्य नाही. पदार्थात काय घातलं हे उत्पादकाला ग्रॅमपर्यंत ठाऊक असतं. ज्याला ठाऊक आहे त्यानं ते पुढच्या बाजूला, वाचता येईल अशा अक्षरांत आणि भाषेत सांगावं. दहा कोटी मधुमेही असलेल्या देशात एवढ्या नियमासाठी आणखी एका समितीची वाट पाहायला लागू नये.